विरजण लागेना, आणि ते दूध ओतायचं कुठं?

बांधावरची_बाभळ (धागाकर्ती) · शनिवार, रात्री ९:५०

मागच्या आठवड्यात गावी गेले होते. आमच्याकडे दोन एचएफ (होल्स्टीन) गायी आणि एक खिलार. संध्याकाळी आईनं रोजच्यासारखं दूध विरजलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. आंबूस वास नाही, कडेला पाणी सुटलेलं नाही, काहीच नाही. आई म्हणाली, थंडी पडलीय. भांडं चुलीच्या उबेला सरकवलं. दुपारपर्यंत तेच. मग संशय विरजणावर गेला. शेजारच्या काकूंकडून वाटीभर ताजं दही आणलं. त्यातला एक चमचा आमच्या दुधात, एक चमचा त्यांच्याच म्हशीच्या दुधात, आणि दोन्ही भांडी एकाच फडक्यात गुंडाळून ठेवली. सकाळी म्हशीचं दही सुरीनं कापावं असं, आणि आमचं दूध आपलं टकाटका बघतंय.

तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, परवा चंद्रीच्या सडात ट्यूब भरलीय की!"

चंद्री म्हणजे तिसऱ्या वेताची एचएफ. मागचा उजवा सड दगडासारखा झालेला, हात लावू देत नव्हती, धारेतून दह्यासारख्या गाठी येत होत्या. (दही सडात लागलं आणि भांड्यात लागेना!) तीन दिवस अँटिबायोटिकची ट्यूब आणि सोबत इंजेक्शन. दादाचा हिशोब असा की त्या सडाचं दूध वासराला, बाकीच्या तीन सडांचं घरात. "डेअरीला घालत नाही ना, मग झालं." म्हणजे बाहेरच्यांना पाजायचं नाही एवढी सचोटी आहे, घरच्यांना चालतंय. आईनं शेवटी ती दोन पातेली मोरीत ओतली. मोरीचं पाणी जातं आळवाच्या वाफ्यात, तिथून पुढं ओढ्याला.

ते मोरीत जाणारं दूध बघून मला बाबांचा रिपोर्ट आठवला. दीड वर्षापूर्वी त्यांना लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप उतरेना म्हणून कल्चर केलं, म्हणजे जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघितलं. कागदावर औषधांची नावं एकाखाली एक, वीसेक असतील, आणि समोरच्या रकान्यात आर, आर, आर, आर. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, हे औषध या जंतूला लागू नाही. 'एस' फक्त तीन ठिकाणी, आणि तिन्ही इंजेक्शनं. आता बाबा म्हणजे सर्दीला सुंठ आणि तापाला लंघन करणारा माणूस. डॉक्टरांना विचारलं, यांनी ही औषधं कधी घेतलीच नाहीत, मग जंतू इतके निर्ढावले कसे? ते म्हणाले, यांच्या अंगात निर्ढावले असं कशावरून? तयार होऊनच आले असतील.

कुठून आले, ते मात्र कुणी सांगितलं नाही. इथं पशुवैद्यक, डॉक्टर, शेतकरी सगळेच आहेत म्हणून विचारते. चंद्रीच्या ट्यूबचा आणि बाबांच्या रिपोर्टचा खरंच काही संबंध लागतो, की मी उगाच नाडा बांधतेय? आणि असं दूध ओतायचं तरी कुठं?

---

रिकामा_पाट · शनि, १०:१५

ओतायचं कशाला, बासुंदी करायची. हलके घ्या.

पण खरंच शंका आहे. पुण्यात आमच्या पिशवीच्या दुधाचंही थंडीत दही लागत नाही. त्यातही औषध समजायचं का?

---

गोठा_ड्यूटी · शनि, १०:४८

बाभळताई, मी पशुवैद्यक, बावीस वर्षं नोकरी. तुमच्या आईंनी केली ती जवळजवळ प्रयोगशाळेतली चाचणीच म्हणायची. तिथंही ठराविक जंतू दुधात वाढवून बघतात. वाढला नाही तर दुधात औषध आहे असं धरतात. विरजण एकच, ऊब एकच, फक्त दूध वेगळं, हे त्यांनी आपसूक केलं.

रिकामा_पाट, पिशवीच्या दुधाचं दही न लागण्याला थंडी, जुनं विरजण, दूध फार गरम असताना विरजणं, अशी दहा कारणं असतात. त्यावरून लगेच निष्कर्ष नको. उलटंही धरू नका. औषध थोडं असेल तर विरजण व्यवस्थित लागतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आता दादांसाठी. ट्यूब एका सडात भरली तरी औषध रक्तात जातं आणि बाकीच्या सडांतही उतरतं, वर तुम्ही इंजेक्शनही दिलंय. चारही सडांचं दूध बाजूला काढायचं. किती दिवस, ते औषधाच्या वेष्टनावर असतं. २०१२ पासून जनावरांच्या औषधावर ही मुदत छापणं बंधनकारक आहे. मुदत दिलेली नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस. मोजायचं शेवटच्या डोसापासून, पहिल्या नाही.

हे सांगताना मला स्वतःलाच कसंतरी होतं. पंधरा लिटरची गाय धरा, सात दिवसांत शंभर लिटरच्या वर दूध फेकायचं. त्याची भरपाई कुणी देत नाही, आणि पशुखाद्याचं पोतं काही सात दिवस उधार मिळत नाही. दादांनी डेअरीला घातलं नाही, हेच मला मोठं वाटतं. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागलं की दूध कॅनमध्ये, कॅन टँकरमध्ये. मग कुठली चंद्री आणि कुठली गंगी.

---

सुगरणीचा_खोपा · शनि, ११:०५

दूध उकळल्यावर औषध जातं ना? आम्ही तर तीन उकळ्या काढतो.

---

गोठा_ड्यूटी · शनि, ११:१२

जंतू मरतात. औषध बहुतेक तसंच राहतं. खीर केली तरी राहतं.

---

पेट्रीडिश · रवि, सकाळी ७:३०

मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. रविवार सकाळ आहे, तर जरा सविस्तर लिहिते.

दोन गोष्टींची इथं गल्लत होतेय. दुधात उतरलेलं औषध ही एक, आणि औषधाला न जुमानणारे जंतू ही दुसरी. पहिल्यानं दही बिघडतं, दुसऱ्यानं बाबांचा रिपोर्ट. दोघांना जोडणारी जागा म्हणजे आतडं. चंद्रीचं, वासराचं, कोंबडीचं, आपलं, सगळ्यांचंच. आतड्यात अब्जावधी जंतू सुखानं नांदत असतात. औषध आलं की साधे मरतात, ज्यांच्याकडं बचावाची युक्ती आहे ते उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. मग शेण, विष्ठा, खत, पाणी.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. खरी गंमत पुढं आहे. ही युक्ती जंतू फक्त आपल्या लेकरांना देत नाहीत. शेजाऱ्यालाही देतात, तोही वेगळ्या जातीचा असला तरी. जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएची छोटी गोल कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. पेपर चालू असताना मागच्या बाकावर चिठ्ठी सरकवावी तशी ही कडी एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाते. एका चिठ्ठीत चार-पाच औषधांची उत्तरं एकदम लिहिलेली असू शकतात. जपानमध्ये युद्धानंतर हगवणीचे असे रुग्ण निघायला लागले की एकदम चार औषधं चालेनात. १९५९ मध्ये तिथल्या संशोधकांनी दाखवलं की आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जंतूकडून हगवणीच्या जंतूला चारही औषधांचा प्रतिकार एका फटक्यात मिळतो. म्हणून 'यांनी औषध घेतलंच नव्हतं' हे बाबांच्या बाबतीत खरं असूनही उपयोगाचं नाही. चिठ्ठी दुसऱ्याच कुणाच्या परीक्षेतून आलेली असते.

जनावरांकडून माणसांकडं याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण कोलिस्टिनचं. १९५० च्या दशकातलं हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांसाठी जवळपास बाजूला पडलं होतं. पुढं बाकीची औषधं हरायला लागली तसं आयसीयूतला शेवटचा पत्ता म्हणून ते परत आलं. मधल्या काळात डुकरं आणि कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून खाद्यातून ते सर्रास चाललंच होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून बातमी आली की कोलिस्टिनचा प्रतिकार प्लाझ्मिडवर बसलेला सापडला. डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही. त्या जनुकाचं नाव एमसीआर-१. आपल्याकडं खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पक्ष्यांत कोलिस्टिनवर बंदी आली जुलै २०१९ मध्ये.

आणि पाण्याबद्दल. भारतात उपचार घेऊन गेलेल्या एका रुग्णात २००८ साली स्वीडनमध्ये एनडीएम-१ हे औषधांना न जुमानणारं जनुक सापडलं. त्यातला 'एनडी' म्हणजे नवी दिल्ली. नावावरून आपल्याकडं केवढा गदारोळ झाला होता! वैद्यकीय पर्यटन बदनाम करायचा डाव वगैरे. त्या गदारोळात २०११ चा अभ्यास मागं पडला. दिल्लीत रस्त्याकडेला साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे १७१ नमुने घेतले होते, त्यातल्या ५१ मध्ये ते जनुक मिळालं. नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये. हे काही हॉस्पिटलच्या आतलं पाणी नव्हतं. गल्लीतलं होतं.

तर बाभळताई, संबंध आहे. फक्त ही दोरी चंद्रीपासून बाबांपर्यंत सरळ ओढता येणार नाही. मधे शंभर गाठी आहेत आणि त्यातली कुठली तुमच्या घरची, ते कुणीच सांगू शकणार नाही.

---

रिकामा_पाट · रवि, ८:०२

वाचनखूण साठवली. बासुंदीचा विनोद मागे घेतो.

---

करारी_कोंबडा · रवि, ९:४०

आता सगळं खापर पोल्ट्रीवर फुटणार हे दिसतंयच, तर आधीच लिहितो.

माझं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे, करारावर. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. माझं फक्त शेड, लाईट, पाणी आणि जागरण. पिल्लं उतरली की पहिले काही दिवस पाण्याच्या टाकीतून औषध द्यायचं. पिल्लं आजारी असतात का? नाही. होऊ नयेत म्हणून. सुपरवायझर चिठ्ठी देतो, एवढी पुडी, एवढं पाणी. पुडीवर काय लिहिलंय ते मी पहिली दोन वर्षं वाचलंसुद्धा नव्हतं. खाद्याच्या पोत्यात आधीच काय मिसळलेलं असतं ते तर मला आजही नीट माहीत नाही. मर वाढली की माझ्या हातात येणाऱ्या पैशाला कात्री. मग 'नको, औषधाशिवाय वाढवू' असं म्हणायची ज्याची हिंमत असेल त्यानं म्हणावं, मी त्याच्या पाया पडतो.

पक्षी उचलले की खाली जे भाताचं तूस आणि विष्ठा उरते, ते कोंबडखत. डाळिंबवाले ट्रॉली लावून नेतात, आगाऊ पैसे देऊन. कुजवून घालतात की तसंच, ते त्यांनाच विचारा.

---

तेल्याग्रस्त · रवि, १०:२५

डाळिंबवाला हजर. कोंबडखत आम्ही कुजवतो. म्हणजे, कुजवायला पाहिजे हे आम्हाला माहीत आहे.

पण पेट्रीडिश ताईंना एक विचारायचं होतं. बागेत तेल्या (जंतूंमुळे होणारा डाळिंबाचा रोग) आला की आम्ही स्ट्रेप्टोसायक्लिन मारतो. सहा ग्रॅमची पुडी येते, कॉपर ऑक्सिक्लोराइडबरोबर टाकीत. ज्याची बाग तेल्यानं गेलीय त्यालाच कळेल की ती पुडी म्हणजे काय आधार वाटतो. आधी पानावर तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग, मग फळावर काळा ठिपका, आणि ऐन रंग भरताना फळ तडकतं. ढगाळ हवा आली की आठ-आठ दिवसाला फवारणी. पूर्वी एका पुडीत भागायचं, मग दोन, आता दुकानदारच सांगतो चार टाका. हे पण तेच का?

---

पेट्रीडिश · रवि, १०:५०

तेच. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन जातीचं औषध असतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आणि क्षयावर खऱ्या अर्थानं चाललेलं ते पहिलं औषध. ते आपण बागेवर फवारतो. झाडावर बसतं थोडं, बाकी मातीत. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला हा वापर २०२४ पर्यंत थांबवायचा मसुदा काढला होता.

'एकाच्या चार पुड्या' हे वाक्य मी विद्यार्थ्यांना सांगणार आहे. हार्वर्डमध्ये २०१६ साली दोन फूट बाय चार फुटाची अवाढव्य बशी करून जंतूंना कडेकडून मध्याकडं वाढायला लावलं होतं, दर पट्ट्यात औषध दहापट. प्रत्येक पट्ट्याच्या सीमेवर ते थबकतात, मग एखादा बदललेला आत घुसतो आणि त्याच्यामागून सगळे. सुमारे अकरा दिवसांत हजारपट औषधात मजेत. तुमच्या दुकानदारानं तोच प्रयोग दहा वर्षांत केला.

---

तेल्याग्रस्त · रवि, ११:१०

दहा नाही, सहा-सातच वर्षं झाली असतील.

दोन वर्षांपूर्वी मृग बहर सोडला, हस्त धरतोय. पावसाळ्यात फळच नसलं की तेल्या निम्मा गप बसतो. छाटलेल्या फांद्या बागेत ठेवायच्या नाहीत, कात्री दर झाडाला निर्जंतुक करायची, हे सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचे लोक कधीपासून सांगत होते. पुडी सोपी होती म्हणून ऐकलं नाही. अजून पूर्ण सुटलेली नाही, खोटं कशाला बोलू.

---

काउंटरमागचा · रवि, दुपारी २:३०

मेडिकल दुकान, अठरा वर्षं. शेतकऱ्याला बोलून झालं, आता आमच्याकडं येतीलच.

मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूची लागू आहे. त्यातल्या अँटिबायोटिकला चिठ्ठी पाहिजे, आणि वेगळ्या वहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, नग लिहून ती वही तीन वर्षं जपायची. पट्टीवर उभी लाल रेघ दिसते ना, ती 'चिठ्ठीशिवाय नको'ची खूण. आता प्रत्यक्ष ऐका. संध्याकाळी सातला गिऱ्हाईक येतं. "भाऊ, घसा धरलाय, ती तीन गोळ्यांची पट्टी द्या." चिठ्ठी? "मागच्या वेळची आहे ना घरी." नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात मिळते, आणि पुन्हा ते गिऱ्हाईक खोकल्याचं चाटणसुद्धा माझ्याकडून नेत नाही. वर काहींना तीनपैकी दोनच हव्या असतात. "दोनात बरं वाटतं मला."

मी देत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. लहान मुलांच्या बाबतीत मात्र देत नाही, अगदी भांडण झालं तरी.

---

ओपीडी_सात_ते_नऊ · रवि, रात्री १०:३५

आता मीच उरलो होतो. जनरल प्रॅक्टिस.

सर्दी, बहुतेक खोकले, बहुतेक घसे व्हायरसचे. अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि पेशंटला पटवायला सात मिनिटं लागतात. गोळी लिहायला वीस सेकंद. बाहेर पंधरा जण. सातव्या दिवशी सर्दी आपसूक जाणारच असते, पण श्रेय गोळीला मिळतं आणि पुढच्या वेळी पेशंट तीच मागतो. जो डॉक्टर 'वाफ घ्या, आराम करा' म्हणतो त्याच्या हाताला गुण नाही असं गावात ठरतं.

एक गोष्ट मात्र इथं स्पष्ट करतो, कारण प्रत्येक धाग्यावर 'कोर्स पूर्ण न केल्यामुळे हे झालं' असा सूर लागतो. ते अर्धवट खरं आहे. टीबीत कोर्स पूर्ण करायलाच हवा, तिथं सूट नाही. पण साध्या कितीतरी आजारांत लांब कोर्सचा आकडा परंपरेनं चालत आलेला आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर खरमरीत लेख आला होता. जास्त दिवस औषध म्हणजे आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंना जास्त दिवस शिकवणी. लघवीच्या, फुप्फुसाच्या बऱ्याच इन्फेक्शनमध्ये आता आम्ही कमी दिवस देतो. याचा अर्थ आपल्या मनानं दोन गोळ्यांत थांबा असा नाही. डॉक्टरला फोन करून विचारा, बरं वाटतंय, थांबू का? मला हा फोन अठ्ठावीस वर्षांत पाचेक वेळा आला असेल.

मृत्यूंचा अंदाज हवा असेल तर, २०१९ या एका वर्षात जगभरात १२.७ लाख मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे, आणि ४९.५ लाख मृत्यूंत त्यांचा हात होता. हे २०२२ च्या जानेवारीत लॅन्सेटमध्ये आलेलं.

---

फाटका_खिसा · सोम, सकाळी ८:१५

शेतकरी, दुकानदार, डॉक्टर सगळे कबुलीजबाब देऊन मोकळे. ज्यांच्या कारखान्यातून औषध थेट नाल्यात येतं ते कुठं आहेत? हैदराबादचं वाचा जरा.

---

सुगरणीचा_खोपा · सोम, ८:४०

हैदराबादचा टायफॉइड ना? वाचलंय, त्याला कुठलंच औषध लागू होत नाही म्हणे.

---

पेट्रीडिश · सोम, ९:०५

दोन हैदराबाद आहेत, आणि योगायोग असा की दोन्ही या धाग्यात बसतात.

टायफॉइडचं हैदराबाद सिंधमधलं. २०१६ च्या शेवटी तिथं टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की नेहमीच्या औषधांबरोबर इंजेक्शननं द्यायचं सेफ्ट्रिॲक्सोनही चालेना. तोंडानं घ्यायच्या औषधांत अझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. पाकिस्ताननं मग २०१९ मध्ये टायफॉइडची नवी लस नियमित लसीकरणात आणली, जगात सगळ्यात आधी. रोगच झाला नाही तर औषधाचा प्रश्न येत नाही, हा त्यातला साधा हिशोब.

फाटका_खिसा म्हणतात ते आपलं, तेलंगणातलं. शहराजवळ पटानचेरू इथं नव्वदेक औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणारं एक शुद्धीकरण केंद्र होतं. २००७ मध्ये स्वीडिश संशोधकांनी तिथून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे 'शुद्ध' झालेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मोजलं. लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत. रुग्णाच्या रक्तात उपचाराच्या वेळी असतं त्यापेक्षाही जास्त. दिवसाचा अंदाज ४५ किलो, म्हणजे अख्ख्या स्वीडनला पाच दिवस पुरेल एवढं. एका दिवसात, ओढ्याला.

जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडं कारखान्यांच्या सांडपाण्यात कुठलं अँटिबायोटिक किती असावं याच्या मर्यादांचा मसुदा आला होता. २०२१ मध्ये अंतिम नियम निघाले तेव्हा त्या मर्यादा त्यात नव्हत्या.

---

फाटका_खिसा · सोम, ९:२०

आणि आपण बाभळताईंच्या आईच्या मोरीवर चर्चा करतोय.

---

समुद्राखालचा_सातारकर · सोम, दुपारी ४:१०

नेदरलँड्समधून. इथं मागच्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा नर्सनं दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन महिन्यांत परदेशात हॉस्पिटलमध्ये राहिला होतात का, आणि जिवंत डुकरांशी, वासरांशी किंवा कोंबड्यांशी तुमचा संबंध येतो का. मला वाटलं चेष्टा करतेय. 'हो' म्हटलं तर नाकातून नमुना घेतात आणि निकाल येईपर्यंत वेगळं ठेवतात. इथल्या डुक्करपालकांत एमआरएसए हा बऱ्याच औषधांना न जुमानणारा जंतू खूप सापडतो, म्हणून. तिनं कागदावर दोन्ही प्रश्न एकाखाली एक ठेवले होते, हॉस्पिटल आणि गोठा. मी मात्र चारच महिन्यांपूर्वी गावी चुलत्यांच्या गोठ्यात धारा काढून आलो होतो, ते तिला सांगावं की नाही याचा विचार करत बसलो.

इथल्याच एका अभ्यासात प्रवासाला निघायच्या आधी आणि परतल्यावर लोकांच्या विष्ठेची तपासणी केली होती. जाताना ज्यांच्याकडं औषधांना न जुमानणारे जंतू नव्हते, त्यातल्या दक्षिण आशियात जाऊन आलेल्या दर चारांपैकी तिघे ते घेऊन आले. बहुतेकांना काहीही आजार नाही. नुसते प्रवासी घेऊन आले, पोटात.

करारी_कोंबडा यांच्यासाठी: इथंही जनावरांत भरमसाट अँटिबायोटिक चालायचं. २००९ नंतर दोन-तृतीयांशाहून जास्त कमी केलं. प्रत्येक फार्मचा वापर नोंदवतात आणि शेजारच्या फार्मशी तुलना करतात. डॉक्टर कुठला किती लिहितो तेही. धंदा बुडाला नाही. पण इथल्या शेतकऱ्याला बँक आणि विमा दोन्ही उचलून धरतात, हेही खरं.

---

घाटावरचा · सोम, रात्री ९:००

अवांतर: गंगेच्या पाण्यात जंतू मारायची शक्ती आहे हे इंग्रजांनीच सिद्ध केलं होतं. आपण उगाच गोळ्यांच्या मागं.

---

पेट्रीडिश · सोम, ९:३०

अवांतर आहे पण निम्मं बरोबर आहे. १८९६ मध्ये हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं नोंदवलं. पुढं कळलं की जंतूंना खाणारे विषाणू असतात, बॅक्टेरिओफेज. तिबिलिसीत १९२३ पासून त्यावर संस्था चालू आहे. पण आजच्या गंगेचं तीर्थ त्या भरवशावर पिऊ नका. फेज असतील, त्यांच्याबरोबर बाकी सगळेही असतील.

---

बांधावरची_बाभळ · मंगळ, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पचायला वेळ लागेल. दुसरा तसाच राहिला. गोठा_ड्यूटी, ओतायचं कुठं?

---

गोठा_ड्यूटी · मंगळ, ९:१०

टाळत होतो, कारण माझ्याकडं चांगलं उत्तर नाही.

मोरीत, ओढ्यात नको. वासराला तर नकोच. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये याच प्रश्नावर लिहिलंय. असं दूध प्यायलेल्या वासरांच्या शेणातून निर्ढावलेले जंतू जास्त पडतात. बिचाऱ्याला रोज थोडं थोडं औषध, म्हणजे पेट्रीडिश ताईंच्या त्या बशीतला पहिला पट्टा. गोबरगॅसात एकदम ओतलं तर गॅस मंदावू शकतो, कारण तिथंही जंतूच राबतात.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब खड्डा, त्यात शेण, पाचट, हे दूध, आणि मधून मधून उलथापालथ. ढीग नीट तापला तर बरीच औषधं मोडतात. सगळी नाही. एन्रोफ्लॉक्सासिनच्या घराण्यातली मातीला धरून महिनोन्महिने बसतात. म्हणून चंद्रीला नेमकं काय दिलं ते वेष्टनावर बघा, वेष्टन फेकलं असेल तर ज्यांनी दिलं त्यांना विचारा.

पुढच्या वेळेसाठी, धार काढायच्या आधी पहिल्या दोन पिळ्या काळ्या वाटीत घेऊन बघा, गाठी तिथं आधी दिसतात. धार झाल्यावर सड औषधी पाण्यात बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं, शेणात बसली की संपलं. सुरुवातीच्या दगडीला (सडाच्या सुजेला, चंद्रीला झाली तीच) राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम असा लेप सांगतं. मी वापरतो. लवकर सापडली तर बऱ्याचदा ट्यूबची वेळ येत नाही. उशिरा सापडली तर येते, आणि तेव्हा ट्यूबच द्यावी लागते, लेप लावत बसून गाय घालवू नका.

---

बांधावरची_बाभळ · गुरु, सकाळी ७:४५

वेष्टन सापडलं, वहिनीनं गोठ्याच्या कोनाड्यात खोचून ठेवलं होतं. मुदत छापलीय, बारीक अक्षरात, घडीच्या आत. दादानं ती मोबाईलनं मोठी करून वाचली आणि काही न बोलता बाहेर गेला. वरच्या बांधाला खड्डा घेतलाय. काल संध्याकाळचं चौदा लिटर तिथं गेलं. आई बघायला आली नाही.

आता ती रोज रात्री चंद्रीच्या दुधाची एक वाटी वेगळी विरजते. काल सकाळी नुसतं दूध. आज फोनवर म्हणाली, कडेनं जरा धरलंय, मधे अजून पातळ आहे. मुदत संपेपर्यंत कुणी तोंडाला लावणार नाही हे तिनं स्वतःच सांगितलं.

वासराला मात्र दादा अजून तेच पाजतोय. त्याच्यासाठी वेगळं दूध काढलं तर डेअरीला काय घालू, म्हणतो. त्यावरून काल आमचं वाजलं, आज पुन्हा फोन करणार आहे.